झाड तर येतंच, ते बरोबर आलं का? प्रजातींचा वंशवृक्ष काढण्याची रीत, टप्प्याटप्प्याने

मार्च उजाडला की साताऱ्यात दोन गोष्टी ठरलेल्या: उन्हाचा चटका, आणि एमएस्सीच्या मुलांचे "सर, ट्री आला" असे मेसेज. सोबत एक रंगीत चित्र. त्यात कधी कोंबडी वटवाघळाला चिकटलेली, कधी एकाच प्रजातीचे दोन नमुने दोन टोकांना. "सॉफ्टवेअरने असंच दिलं," हे त्यावरचं उत्तर.

सॉफ्टवेअर देणारच. त्याला किराणा दुकानाची यादी डीएनए म्हणून घातली, तरी ते तिचंही झाड काढील. झाड काढायला फार तर अर्धा तास लागतो. त्याआधीच्या तीन आठवड्यांत काय केलं, त्यावर झाडाची किंमत ठरते, आणि चुका तिथेच होतात. म्हणून हा लेख बटण दाबण्याआधीच्या कामावर जास्त रेंगाळतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जातपडताळणीसाठी आपण वंशावळ काढतो, तेव्हा पणजोबांचं नाव कुठल्यातरी जुन्या कागदावर असतं. इथे पूर्वजाचा दाखला नाही. हातात आहेत ती फक्त आज जिवंत असलेली नातवंडं. त्यांच्या खुणा बघून कोणाचा आजोबा सामाईक होता, हे मागे मागे जात ठरवायचं. म्हणजे झाड हा अंदाज आहे. फक्त तो तपासता येतो.

## टप्पा १: कॉम्प्युटर बंद ठेवा, आधी कागदावर एक झाड काढा

हा टप्पा सगळे गाळतात. मी गाळू देत नाही.

सात प्राणी घ्या: कृष्णेतली मरळ, बेडूक, देवगांडूळ, पाल, खापरखवल्या साप, कोंबडी, वटवाघूळ. देवगांडूळ म्हणजे गांडूळ नव्हे. तो बिनपायांचा उभयचर आहे, बेडकाच्या गोतातला. कोयनेच्या बाजूला हुंबरळी इथून २००४ साली इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस नावाच्या देवगांडुळाचं वर्णन झालं, म्हणजे हा आपल्याच जिल्ह्यातला प्राणी. खापरखवल्या हा जमिनीत राहणारा साप. पावसाळ्यात दोघे मातीतून वर आले की लोक दोघांनाही "दुतोंड्या" म्हणून मोकळे होतात. आपली परीक्षा तिथेच आहे.

आता सहा लक्षणं. असेल तर १, नसेल तर ०. क्रम असा: गर्भाभोवती उल्ब म्हणजे पाण्याची पिशवी, हातपाय नाहीसे झालेले, पंख, बीटा-केराटिनचे कडक खवले (कोंबडीच्या पायावरचे धरून), नराला जोड-जननेंद्रिय, कातडीत विषग्रंथी.

मरळ: ० ० ० ० ० ०
बेडूक: ० ० ० ० ० १
देवगांडूळ: ० १ ० ० ० १
पाल: १ ० ० १ १ ०
खापरखवल्या: १ १ ० १ १ ०
कोंबडी: १ ० १ १ ० ०
वटवाघूळ: १ ० १ ० ० ०

मरळीला पाय नसून तिच्यापुढे ० का? कारण तिच्याकडे परांच्या जोड्या आहेत, आणि आपले हातपाय त्या जोड्यांचेच वारस आहेत. आपण "नाहीसे झालेले" विचारतोय, "पाय दिसतात का" असं नाही. लक्षण कुठल्या शब्दांत मांडलं, त्यावर निम्मा निकाल अवलंबून असतो.

मरळ ही बाहेरची, म्हणजे आउटग्रुप. ती मुळाशी ठेवा आणि तीन झाडं काढा.

पहिलं: बेडूक आणि देवगांडूळ एका फांदीवर. दुसऱ्या फांदीवर पाल व खापरखवल्या जोडीने, त्यांच्याशेजारी कोंबडी, आणि त्या तिघांच्या बाहेर वटवाघूळ.

दुसरं: सगळं पहिल्यासारखंच, फक्त देवगांडूळ उचलून खापरखवल्याच्या शेजारी. दोघेही बिनपायांचे, दिसायला सारखे.

तिसरं: बेडूक-देवगांडूळ एकत्र, पाल-खापरखवल्या एकत्र, पण कोंबडी आणि वटवाघूळ यांची जोडी, पंखांवरून.

आता प्रत्येक झाडात प्रत्येक लक्षण कमीत कमी किती वेळा बदलावं लागतं, ते मोजा. पहिल्या झाडात उल्ब एकदा आलं, पाय दोनदा गेले, पंख दोनदा आले, खवले एकदा, जननेंद्रिय एकदा, विषग्रंथी एकदा. एकूण ८. दुसऱ्या झाडात पाय एकदाच जातात, हे चांगलं. पण देवगांडुळाला तिथे बसवायचं तर उल्ब, खवले, जननेंद्रिय आधी मिळवून मग गमवावे लागतात आणि विषग्रंथी दोनदा याव्या लागतात. एकूण ११. म्हणजे दिसण्यावर गेलो तर तीन बदल फुकटचे मान्य करावे लागतात.

तिसऱ्याची बेरीज? तीसुद्धा ८. पंख एकदा, पण खवले दोनदा.

इथे वर्गात शांतता पसरते. पहिलं आणि तिसरं बरोबरीत. मुलं म्हणतात, "सर, पहिलंच बरोबर ना?" अरे, आकडे बरोबरीत आहेत. पाठ्यपुस्तकात वाचलं म्हणून एकाला पास करायचं का?

परत प्राण्याकडे जा. कोंबडीचा पंख उघडून बघा: बोटं आक्रसून जुळलेली, आणि सगळा पसारा पिसांचा. वटवाघळाचा बघा: चार बोटं लांबच लांब, त्यांच्यात छत्रीच्या काड्यांसारखं कातडं ताणलेलं. हे एक लक्षण नाही. आपण आळसाने दोन वेगळ्या गोष्टींना "पंख" हे एकच नाव दिलं होतं. त्याचे दोन स्तंभ करा: पिसांचा पंख, कातड्याचा पंख. पुन्हा मोजा. पहिलं झाड ८, तिसरं ९, दुसरं ११.

थांबा: जास्त लक्षणं घातली की झाड सुधारतं, असं नाही. "गरम रक्त" हा स्तंभ वाढवून बघा: पहिलं आणि तिसरं पुन्हा बरोबरीत येतात, कारण तेही पक्ष्यांत आणि सस्तनांत वेगवेगळं आलेलं आहे. चांगल्या लक्षणांची गरज आहे, भाराभर लक्षणांची नाही.

यातलीच दुसरी चूक: "बेडकाला चार पाय, पालीला चार पाय, म्हणजे दोघे जवळचे." चार पाय ही या सगळ्या गोताची जुनी ठेव आहे. अख्ख्या गावाचं आडनाव एकच असेल, तर त्या आडनावावरून सख्खे भाऊ कोण ते कळत नाही. त्यासाठी एकाच घरात नव्याने उमटलेली खूण लागते. जुन्या सामाईक खुणा बाजूला, नव्या सामाईक खुणा मोजायच्या. डीएनएलाही हाच नियम आहे.

## टप्पा २: प्रश्न एका ओळीत लिहा

"वेस्टर्न घाटातील पालींचा फायलोजेनेटिक अभ्यास" हा प्रश्न नाही, ते मथळ्याचं कार्ड झालं. प्रश्न असा हवा की त्याला हे की ते, असं एक ठाम उत्तर येईल.

उदाहरण घेऊ, आणि लेख संपेपर्यंत हेच चालवू. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावरून २००८ साली हेमिडॅक्टिलस सतारेन्सिस या पालीचं वर्णन झालं. जमिनीवर, दगडांखाली राहणारी. प्रश्न: ही पाल भिंतीवर चढणाऱ्या पालींच्या जवळची, की जमिनीवर राहणाऱ्या इतर पालींच्या?

आता या प्रश्नाला किती प्रजाती लागतील ते आपोआप ठरतं.

## टप्पा ३: कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

प्रश्नातल्या दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी हवेत. घरातल्या पाली: फ्लाव्हिविरिडिस, फ्रेनाटस, लेशेनॉल्टी. जमिनीवरच्या: ग्रॅसिलिस, रेटिक्युलॅटस, अल्बोफॅसिएटस. कातळावरच्या मोठ्या पाली: मॅक्युलॅटस, प्रशादी. शक्य असेल तिथे प्रत्येकी दोन नमुने, वेगवेगळ्या ठिकाणचे. एकाच प्रजातीचे दोन नमुने शेजारी आले नाहीत तर काहीतरी बिघडलंय, हे लगेच कळतं. चोर पकडायचा हा सगळ्यात स्वस्त सापळा.

नाव वेगळं आहे म्हणून कोणाला बाहेर ठेवू नका. तेराटोलेपिस नावाची पालींची एक वेगळी प्रजाती-मालिका (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) होती. माशासारखे एकावर एक चढलेले खवले बघून तिला स्वतंत्र नाव दिलं होतं. डीएनए बघितला तेव्हा ती हेमिडॅक्टिलसच्या पोटातच निघाली आणि ते नाव मोडीत काढावं लागलं. कोणी "ती आपल्या गटातली नाही" म्हणून यादीतून वगळली असती, तर हे कधी कळलंच नसतं. गट खरंच एका पूर्वजाचा आहे का, हे तपासायचं तर शेजारच्यालाही आत बोलवावं लागतं.

मग आउटग्रुप. तो गटाच्या बाहेरचा हवा, पण लगतचा. हेमिडॅक्टिलससाठी सायर्टोडॅक्टिलस चांगला. दोन-तीन प्रजाती घ्या, एकीवर भागवू नका. एका मुलाने आउटग्रुप म्हणून कोंबडी घेतली होती, "सहज मिळाली" म्हणून. इतका दूरचा पाहुणा आणला की तो घरात कुठेही बसतो. त्याच्याशी तुलना करता करता डीएनएतल्या जागा इतक्या वेळा बदललेल्या असतात, की मूळ कुठे धरायचं ते गोंधळतं.

तपासा: यादीतलं प्रत्येक नाव का घेतलं, ते एका वाक्यात सांगता येतंय? "जेनबँकेत (डीएनएच्या सार्वजनिक कोठीत) होतं" हे कारण धरलं जाणार नाही.

नमुने स्वतः गोळा करायचा मोह होतो. यवतेश्वर-कासच्या रस्त्यावर दगड उलटला की पाल सापडते, मान्य. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, आणि अभयारण्याबाहेरही परवानगीशिवाय प्राणी उचलता येत नाही. शेपटीचा तुकडासुद्धा नाही. पहिला प्रोजेक्ट जेनबँकेतल्या सिक्वेन्सवर, म्हणजे वाचून ठेवलेल्या डीएनएच्या अक्षरओळींवर करा. शिकायला तेवढं भरपूर आहे.

## टप्पा ४: जीन निवडा

जीन म्हणजे घड्याळ. काही भरभर चालतात, काही सावकाश. जवळच्या प्रजातींसाठी भरभर बदलणारं, दूरच्या गटांसाठी सावकाश बदलणारं.

प्राण्यांत मायटोकॉन्ड्रियाचे जीन सोयीचे. सीओआय, म्हणजे बारकोडिंगचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा, पालींसाठी एनडी२, बेडकांसाठी १६एस. केंद्रकातला आरएजी१ सावकाश बदलतो. कासच्या पठारावरच्या फुलांवर काम करणाऱ्यांनी सीओआय विसरावा. वनस्पतींत तो फारच सावकाश बदलतो. तिथे आरबीसीएल, मॅटके आणि आयटीएस.

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्याचं झाड म्हणजे आईकडची वंशावळ. ते प्रजातीच्या झाडाशी जुळेलच, असं नाही. एक मायटोकॉन्ड्रियाचा आणि एक केंद्रकातला असे निदान दोन जीन घ्या. आधी दोन्हींची झाडं वेगवेगळी काढा. कामापुरती जुळली तरच जोडा. आधीच जोडून टाकलं की भांडण झाकलं जातं.

सगळ्या प्रजातींचा एकच जीन मिळतोय का, हे आत्ताच बघून घ्या. पाच प्रजातींचा सीओआय आणि उरलेल्या पाचांचा १६एस असेल, तर त्यांची आपसात तुलनाच होत नाही.

## टप्पा ५: सिक्वेन्स उतरवा, पण विश्वास ठेवू नका

जेनबँक ही सार्वजनिक कोठी आहे. धान्य आहे तसे खडेही आहेत. प्रत्येक सिक्वेन्सची ही चार कामं करा.

१. व्हाउचर क्रमांक आहे का बघा. म्हणजे ज्या प्राण्याचा डीएनए, तो संग्रहालयात ठेवलेला आहे का. दोन सिक्वेन्समधून निवडायचं असेल तर व्हाउचरवाला घ्या.

२. ब्लास्ट करून, म्हणजे सिक्वेन्स जेनबँकेतल्या बाकीच्यांशी ताडून बघा. पालीचा म्हणून उतरवलेला सिक्वेन्स जिवाणूशी किंवा माणसाशी जुळला, तर तो सोडा.

३. नमुना कुठला ते वाचा. पालींची नावं गेल्या काही वर्षांत भरपूर बदलली आहेत. जुन्या नोंदीत "ब्रूकी" म्हणून असलेली पाल आज दुसऱ्याच नावाने ओळखली जात असेल.

४. अ‍ॅक्सेशन क्रमांक त्याच क्षणी वहीत किंवा एक्सेलमध्ये टिपा. "नंतर शोधू" म्हणणाऱ्यांची मे महिन्यातली अवस्था मी पाहिली आहे.

सगळं एका फास्टा फाइलमध्ये (नाव आणि त्याखाली सिक्वेन्स, अशी साधी मजकूर-फाइल) ठेवा. वर्डमध्ये नको, नोटपॅडमध्ये. वर्ड आपल्या मनाने अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि अदृश्य चिन्हं घुसडतं. नावात मोकळी जागा, कंस, स्वल्पविराम चालत नाहीत, अंडरस्कोर वापरा. आणि मराठीवर प्रेम असलं तरी फाइलमधली नावं रोमन लिपीतच ठेवा, जुनी सॉफ्टवेअर देवनागरी बघून गप बसतात.

## टप्पा ६: सिक्वेन्सची दिशा आणि स्वच्छता

प्रयोगशाळेतून स्वतःचे सिक्वेन्स आले असतील, तर क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारा आलेख, उघडून बघा. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं आणि शेपूट बहुतेक वेळा गचाळ असतं, छाटा. एकाच जागी दोन शिखरं दिसली तर तिथे मनाने अक्षर घालू नका, एन (म्हणजे "माहीत नाही") लिहा.

आता माझी स्वतःची फजिती. एका विद्यार्थिनीच्या झाडात एक नमुना सगळ्यांपासून कोसभर लांब, आउटग्रुपच्याही पलीकडे. फांदी एवढी लांब की पानात मावेना. आम्ही दोन दिवस नव्या प्रजातीचं नाव काय ठेवायचं यावर चहा पीत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं: तो सिक्वेन्स रिव्हर्स प्रायमरचा (प्रायमर म्हणजे डीएनएच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) होता आणि मी तो उलटवायला सांगायचं विसरलो होतो.

रिव्हर्स प्रायमरचा सिक्वेन्स समोरच्या धाग्याचा असतो, आणि उलट्या दिशेने वाचलेला. तो सरळ करायचा म्हणजे दोन्ही गोष्टी करायच्या. ए-टी-जी-सी-सी-टी-ए हे आधी मागून पुढे वाचा: ए-टी-सी-सी-जी-टी-ए. मग प्रत्येकाचा जोडीदार लिहा, एचा टी, सीचा जी: टी-ए-जी-जी-सी-ए-टी. सॉफ्टवेअरमध्ये याला रिव्हर्स कॉम्प्लिमेंट म्हणतात. नुसतं "रिव्हर्स" दाबणारे निम्म्यात अडकतात.

तपासा: एखादी फांदी बाकीच्यांच्या चार-पाच पट लांब असेल, तर नवी प्रजाती जाहीर करण्याआधी त्या सिक्वेन्सची दिशा बघा.

## टप्पा ७: अलाइनमेंट, आणि ती डोळ्यांनी बघणं

सगळ्या सिक्वेन्समधली एकाच पूर्वज-जागेची अक्षरं एकाखाली एक आणणं म्हणजे अलाइनमेंट. टप्पा १ मध्ये आपण पंखाचा जो घोळ निस्तरला, तोच इथे आहे: स्तंभात एकाखाली एक बसलेल्या गोष्टी खरोखर एकच आहेत का? अलाइनमेंट चुकली की पुढचं कुठलंही मॉडेल तुम्हाला वाचवत नाही.

मॅफ्ट किंवा मसल हे सॉफ्टवेअर वापरा. मेगा या झाड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मसल आयतंच आहे. चालवून झालं की स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे सगळं सरकवत बघा. हो, सगळं. वीस सिक्वेन्स आणि सातशे अक्षरं असतील तर एक चहा संपेपर्यंत होतं.

प्रथिन बनवणारा जीन असेल, तर अक्षरं तिनाच्या गटात, म्हणजे कोडॉनमध्ये, वाचली जातात. म्हणून मधले गॅप, म्हणजे रिकाम्या जागा, तिनाच्या पटीत हवेत. सीओआयमध्ये मध्येच एका अक्षराचा गॅप दिसला, तर तो बहुधा वाचनाचा दोष. मग प्रथिनात भाषांतर करून बघा. इथे दरवर्षी एकजण धावत येतो: "सर, प्रत्येक सिक्वेन्समध्ये स्टॉप कोडॉन!" स्टॉप कोडॉन म्हणजे प्रथिन तिथेच थांबवणारा गट, आणि भाषांतराची सारणी साधी ठेवलेली असते. पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए हा स्टॉप नसून ट्रिप्टोफॅन असतो. सारणी "व्हर्टिब्रेट मायटोकॉन्ड्रियल" करा. त्यानंतरही मध्ये स्टॉप आले, तर तो सिक्वेन्स वगळा. मायटोकॉन्ड्रियातून केंद्रकात शिरलेली ती मृत नक्कल असू शकते. प्रायमर तिलाही तितक्याच प्रेमाने पकडतो.

१६एसला हे लागू नाही. त्याचं प्रथिन बनत नाही, आणि त्यात गॅप येतातच. गॅपांचा जिथे खच पडलाय आणि काय कशाखाली आहे ते कळत नाही, तो पट्टा काढून टाका आणि काढल्याचं लिहा.

टोकं छाटा. एखादा सिक्वेन्स आखूड असेल, तर न वाचलेल्या जागी प्रश्नचिन्ह किंवा एन घाला, गॅपची आडवी रेघ नको. "माहीत नाही" आणि "तिथे अक्षरच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ८: मॉडेल

दोन सिक्वेन्समध्ये दहा फरक दिसले, तर बदल दहाच झाले असतील असं नाही. एकच जागा ए ची जी होऊन परत ए झाली असेल. मॉडेल हा लपलेला हिशेब धरतं. ज्यूक्स-कँटर सगळे बदल सारखे मानतं. जीटीआर प्रत्येक प्रकारच्या बदलाला वेगळा दर देतं. गॅमा लावलं की जागेनुसार वेग बदलू शकतो.

मॉडेल मनाने निवडू नका, आणि मागच्या बॅचच्या प्रोजेक्टमधून उचलूही नका. आयक्यू-ट्री या सॉफ्टवेअरमधलं मॉडेलफाइंडर किंवा मेगामधली मॉडेल चाचणी तुमच्या डेटावर चालवा. कोडॉनची तिसरी जागा पहिल्या दोनांपेक्षा खूप भरभर बदलते, म्हणून तिन्ही जागांना वेगळं मॉडेल देता आलं तर द्या. यापलीकडे या टप्प्यात जीव अडकवायचं कारण नाही.

## टप्पा ९: आता बटण

दहा प्रजातींसाठी मूळ असलेली ३,४४,५९,४२५ वेगवेगळी झाडं शक्य असतात. वीस झाल्या तर मोजायची सोय नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर सगळी झाडं तपासत नाही, हुशारीने धुंडाळतं, आणि धुंडाळताना कधी कधी चुकीच्या टेकडीवर चढून बसतं. वेगवेगळ्या सुरुवातीपासून निदान पाच वेळा चालवा आणि लॉग-लाइकलिहूड (झाड डेटाशी किती जुळतं त्याचा आकडा) तेच येतंय का बघा.

नेबर-जॉइनिंग क्षणात होतं. ते कच्चं झाड म्हणून काढा, चुका दिसतात. पण निष्कर्ष त्यावर ठेवू नका. ते सगळी अक्षरं अंतराच्या एका आकड्यात कोंबतं. निष्कर्षासाठी मॅक्सिमम लाइकलिहूड (डेटाशी सगळ्यात चांगलं जुळणारं झाड शोधणारी रीत), आणि वेळ असेल तर बेझियन (झाडं किती संभाव्य आहेत ते मोजणारी रीत). बेझियनसाठी मिस्टर-बेझ वापरत असाल, तर दोन्ही धावांमधल्या फरकाचा सरासरी आकडा ०.०१ च्या खाली आल्याशिवाय थांबवू नका, पहिले २५ टक्के नमुने टाकून द्या आणि ईएसएस (खरोखर स्वतंत्र असे नमुने किती, त्याचा आकडा) २०० च्या वर आहे का बघा. रात्री लावून सकाळी बघायचं काम आहे. वीज जाते, म्हणून चेकपॉइंट चालू ठेवा.

## टप्पा १०: फांद्यांवर किती भरवसा

बूटस्ट्रॅप म्हणजे भिशीच्या चिठ्ठ्या समजा, फरक एवढाच की काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची. अलाइनमेंटचा प्रत्येक स्तंभ ही एक चिठ्ठी. जितके स्तंभ तितक्या चिठ्ठ्या काढल्या की नवी अलाइनमेंट तयार. काही स्तंभ त्यात दोनदा येतात, काही येतच नाहीत. तिचं झाड काढा. असं १००० वेळा. एखादी फांदी १००० पैकी ८७० वेळा आली, तर तिचा बूटस्ट्रॅप ८७.

साध्या बूटस्ट्रॅपला ७० च्या वर बरं मानतात. आयक्यू-ट्रीचा अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप वेगळा आहे, तिथे ९५ च्या खालचं धरू नका. बेझियन पोस्टेरिअर, म्हणजे फांदी खरी असण्याची शक्यता, ०.९५. हे तिन्ही आकडे एकमेकांशी अदलाबदल करण्यासारखे नाहीत, आणि प्रोजेक्टमध्ये कुठला वापरला तेच लिहायचं राहून जातं.

थांबा: बूटस्ट्रॅप १०० म्हणजे ती फांदी १०० टक्के खरी, असा अर्थ नाही. तुमच्या डेटाचं एकमत आहे, एवढंच. डेटाच एका बाजूने घसरलेला असेल, तर तो ठाम आवाजात चुकीचं सांगतो. भरभर बदललेल्या दोन लांब फांद्या नातं नसताना एकमेकींना चिकटतात, आणि वर १०० चा आकडा मिरवतात. लांब फांद्यांच्या मधल्या प्रजाती यादीत वाढवा, किंवा एक लांब फांदी काढून दुसरी जागा बदलते का बघा.

७० च्या खालच्या फांद्यांवर गोष्ट रचू नका. तिथे "उलगडलं नाही" असं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

## टप्पा ११: मूळ बसवा आणि झाड वाचा

आउटग्रुप निवडून मूळ बसवा. आउटग्रुपच्या दोन प्रजाती गटाच्या आत शिरल्या असतील, तर टप्पा ३ ला परत.

वाचताना चुका ठरलेल्या आहेत. कागदावर शेजारी छापलेल्या दोन नावांना मुलं जवळची समजतात. झाड हे पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यासारखं असतं: प्रत्येक जोड गरगर फिरवता येतो, चिमण्या इकडच्या तिकडे होतात, नातं बदलत नाही. दोन प्रजातींपासून मागे बोट फिरवत जा. जिथे बोटं भेटतात तो त्यांचा सामाईक पूर्वज. ज्यांची बोटं आधी भेटतात ते जवळचे.

दुसरी चूक: खालच्या फांदीवरची प्रजाती "आदिम" आणि वरची "प्रगत". टप्पा १ मधला बेडूक पालीचा आजोबा नाही. दोघेही आजचे आहेत, दोघांनाही सामाईक पूर्वजापासून तेवढाच काळ लोटलाय.

तिसरी: फांदीच्या लांबीला वर्षं समजणं. लांबी म्हणजे दर जागेमागे किती बदल झाले ते. कोणीतरी मायटोकॉन्ड्रियाला "दहा लाख वर्षांत २ टक्के" लावून मोकळं होतं. हा दर प्रत्येक प्राण्याला आणि प्रत्येक जीनला लागू नाही. जीवाश्माचा आधार नसेल, तर काळाबद्दल गप्प बसा.

आपल्या प्रश्नाचं काय? सतारेन्सिस जमिनीवरच्या पालींच्या गोतात बसायला हवी, अल्बोफॅसिएटस, ग्रॅसिलिस यांच्या संगतीत. तुमच्या झाडात ती घरातल्या फ्रेनाटसला चिकटली असेल, तर टप्पा ५ पासून परत या. आणि "नवं काहीतरी सापडलं" असं वाटलंच, तर आधी दुसऱ्या जीनवर तेच येतं का बघा. कोयनेच्या टोडचं असंच झालं. तो १९६३ पासून ब्युफो म्हणून ओळखला जायचा. २००९ साली डीएनए आणि शरीररचना दोन्ही बघून त्याला आणि आंबोलीच्या टोडला मिळून झँथोफ्राइन ही वेगळी प्रजाती-मालिका दिली गेली. नुसत्या एका चित्रावर ते झालं नाही.

## टप्पा १२: जमा करताना

चित्राबरोबर ट्री फाइल द्या, न्यूइक फॉरमॅटमध्ये (म्हणजे कंसांत लिहिलेलं झाड). चित्रावरून कोणालाही पुन्हा काम करता येत नाही. अलाइनमेंटची फाइल द्या, अ‍ॅक्सेशन आणि व्हाउचर क्रमांकांचा तक्ता द्या. सॉफ्टवेअरची आवृत्ती, मॉडेल, बूटस्ट्रॅपचा प्रकार आणि किती वेळा चालवलं, हे पद्धतीच्या प्रकरणात येऊ द्या. काढून टाकलेले सिक्वेन्स आणि पट्टेही कारणासकट लिहा.

चित्राखाली मोजपट्टी हवी आणि फांद्यांवरचे आकडे वाचता यायला हवेत. इंद्रधनुष्याचे रंग नकोत. तोंडी परीक्षेच्या प्रती बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्याच निघतात. मुळाशी आउटग्रुप दाखवा. तो कापून नीटनेटकं चित्र देणारे असतात, आणि पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.